टेस्टोस्टेरॉन २८० आलंय. इंजेक्शन घ्यायचं का?

रक्तपरीक्षक | सोमवार, रात्री ९.४०

हल्ली प्रत्येक लॅबमध्ये 'पुरुषांचं पॅकेज' असतं. साखर, चरबी, थायरॉइड, जीवनसत्त्वं आणि शेवटी शेपूट लावल्यासारखं टेस्टोस्टेरॉन. कोणी मागितलेलं नसतं. पण आकडा तळाच्या मर्यादेखाली गेला की शेजारी 'एल' (म्हणजे 'लो') छापून येतो आणि तो 'एल' घेऊन माणूस थेट इंजेक्शनाची किंमत विचारायला निघतो.

चर्चेसाठी एक बनवलेला रिपोर्ट घेऊ. वय ४२, उंची १७० सेंमी, वजन ९४ किलो. नमुना दुपारी ४.१५ ला, जेवण झालेलं. टोटल टेस्टोस्टेरॉन २.८०, एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. तक्रार थकव्याची, आणि 'पूर्वीसारखं वाटत नाही' ही.

याला हार्मोन द्यावा का? माझं मत: या कागदावर तरी नाही.

आधी एकक बघा. २.८० म्हणजे २८० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजेच ९.७ नॅनोमोल प्रति लिटर. (नॅनोमोलला २८.८ ने गुणलं की डेसिलिटरचा आकडा मिळतो.) नेटवर 'नॉर्मल ३०० ते १०००' वाचून आलेला माणूस २.८० बघून हबकतो, ते निव्वळ एककामुळे.

मग वेळ. तिशी-चाळिशीतल्या पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन सकाळी ८ च्या मानाने दुपारी ४ ला २० ते २५ टक्के खाली असतं. सत्तरीत हा फरक साधारण १० टक्क्यांवर येतो. वर जेवण: साखर पोटात गेली की आकडा तासा-दोन तासांत पाव हिश्शाने उतरू शकतो. म्हणजे दुपारी जेवून आलेल्याचे २८० हे सकाळी उपाशीपोटी ३५०-४०० असू शकतात.

म्हणून नमुना सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी, आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा. ताप, डेंगी, ऑपरेशन, मोठा जागरणाचा आठवडा यांच्या मागोमाग नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा. बऱ्याच यंत्रांत बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि एलएच (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा, वृषणाला कामाला लावणारा हार्मोन) खोटं कमी दिसतं. दोन्ही चुका एकाच रिपोर्टवर आल्या की डॉक्टरही चक्रावतो.

जाणकारांनी भर घालावी.

सुशेगाद | सोमवार, रात्री ९.५५

थोडक्यात, दुपारी सव्वाचारला गोव्यातल्या कुठल्याही माणसाचं सगळंच कमी असतं. तेव्हा दुकानंही बंद असतात.

फोंडेकर | सोमवार, रात्री १०.१०

मांडवीतल्या कसिनोंवर रात्रपाळी करणाऱ्यांचं काय? सकाळी ८ ला ती मंडळी झोपायला जातात.

रक्तपरीक्षक | सोमवार, रात्री १०.२५

@फोंडेकर, चांगला मुद्दा. हार्मोनची चढउतार बरीचशी झोपेवर चालते, भिंतीवरच्या घड्याळावर नाही. रात्रपाळीवाल्याने सलग झोप काढून उठल्यावर दोनेक तासांत, काही न खाता नमुना द्यावा आणि चिठ्ठीवर झोपेची वेळ लिहून घ्यावी. पाळी नुकती बदलली असेल तर आठवडाभर थांबलेलं बरं. झोपेविना दिलेल्या नमुन्यावर निर्णय घ्यायचाच नाही.

दूधसागर | सोमवार, रात्री ११.०५

धागाकर्त्याशी अर्धा सहमत. वेळेचं ठीक आहे, पण लोकांना उगाच घाबरवूही नका. अमेरिकेतल्या यूरॉलॉजी संघटनेने २०१८ मध्ये सरळ ३०० चा आकडा धरला आहे. सकाळचे दोन नमुने ३०० च्या खाली आणि जोडीला लक्षणं, की निदान झालं. त्यात एवढा कीस काय काढायचा?

कुळागर | मंगळवार, सकाळी ७.२०

कीस काढायचा कारण आकडे एक नाहीत. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने २६४ ही तळरेषा दिली, तीही सडपातळ, निरोगी तरुणांवरून काढलेली. युरोपात १२ नॅनोमोल म्हणतात, म्हणजे साधारण ३४६. तोच माणूस एका ठिकाणी आजारी, दुसऱ्या ठिकाणी धडधाकट.

आणि टोटल हा आकडा स्वतःच अर्धवट आहे. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या दोन प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं असतं जेमतेम दोन-तीन टक्के. एसएचबीजी कमी-जास्त झालं की टोटल हलतं, मोकळं हलेलच असं नाही. हिशेब करून बघू. अल्ब्युमिन दोघांचंही ४.३ धरलंय, सूत्र व्हर्म्युलेनचं:

धाग्यातला ९४ किलोचा माणूस: टोटल २८०, एसएचबीजी १४. मोकळं येतं साधारण २८३ पिकोमोल प्रति लिटर.

आता ६८ वर्षांचा काटकुळा गृहस्थ: टोटल ४००, एसएचबीजी ६०. मोकळं येतं साधारण १८८.

युरोपीय रेषा २२०-२२५ च्या आसपास. म्हणजे 'एल' छापलेला माणूस रेषेच्या वर आणि ज्याच्या रिपोर्टवर लाल अक्षर नाही तो खाली! लठ्ठपणा, मधुमेह, मंद थायरॉइड, मूत्रातून प्रथिन जाणं यांत एसएचबीजी उतरतं. वय, यकृताचे आजार, जास्त चालणारा थायरॉइड आणि फिटांची काही औषधं यांत चढतं. टोटल २०० ते ४०० च्या मधल्या पट्ट्यात असेल तर एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मागवाच.

'फ्री टेस्टोस्टेरॉन' म्हणून थेट किटवर जी स्वस्त चाचणी मिळते तिच्यावर पैसे घालू नका. ती बेभरवशाची आहे. एकतर इक्विलिब्रियम डायलिसिस किंवा हे गणित. गणिताला पैसे पडत नाहीत.

दूधसागर | मंगळवार, सकाळी ८.०५

१८८ आणि २८३ चं उदाहरण पटलं. ३०० चा हट्ट सोडतो. पण पूर्ण नाही: दोनदा सकाळी १५० आलं तर एसएचबीजीच्या पोथ्या वाचत बसू नये.

कुळागर | मंगळवार, सकाळी ८.१५

१५० आलं तर पोथी वेगळी आहे. एलएच, त्याचा जोडीदार एफएसएच (शुक्राणूंसाठीचा), प्रोलॅक्टिन (दूध आणणारा हार्मोन), फेरिटिन (लोहाचा साठा). एलएच-एफएसएच चढलेले असतील तर बिघाड वृषणात: गालगुंडानंतरचा दाह, मार, केमोथेरपी, क्लाइनफेल्टर (जन्मजात एक एक्स गुणसूत्र जास्त असणं). ते कमी किंवा 'नॉर्मल'च्या आत मख्खपणे बसलेले असतील तर बिघाड वर, पिट्युटरीत किंवा हायपोथॅलॅमसमध्ये. टेस्टोस्टेरॉन १५० आणि एलएच ३ हे नॉर्मल नव्हे. खालचा कारखाना बंद पडलेला असताना वरच्या मालकाने ओरडायला हवं होतं, तो गप्प आहे. अशाला पिट्युटरीचा एमआरआय लागतो. डोकेदुखी किंवा कडेचं दिसणं कमी झालं असेल तर तातडीने.

आणि तपासणी. वृषणाचं आकारमान मोजायला एक साधी माळ असते, प्रेडरचा ऑर्किडोमीटर. १२ मणी, १ मिलिलिटरपासून २५ पर्यंत. एका हाताने मणी चाचपायचा, दुसऱ्या हाताने वृषण, आणि जुळेल तो आकडा लिहायचा. प्रौढात साधारण १५ ते २५ येतं. क्लाइनफेल्टरमध्ये बहुधा ४ च्या आसपास, आणि हाताला टणक. या माळेला वीज लागत नाही, आणि तरीही ती ड्रॉवरमधून बाहेर काढली जात नाही.

सुशेगाद | मंगळवार, सकाळी ८.३०

सकाळी सकाळी माळ जपायला सांगणारा पहिलाच हार्मोनवाला.

चिठ्ठीवाला | मंगळवार, दुपारी १.१०

औषधांच्या बाजूने भर घालतो. आकडा कमी आला की आधी घरातली गोळ्यांची पिशवी टेबलावर पालथी करा.

अॅसिडिटीसाठी वर्षानुवर्षं चालणाऱ्या कॅप्सूलचं नाव नीट वाचा. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल एकटं असेल तर ठीक. जोडीला डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असेल तर प्रोलॅक्टिन चढतं, एलएच दबतं, टेस्टोस्टेरॉन उतरतं. छातीत गाठ, इच्छा कमी, सगळं त्यातूनच. मानसिक आजारासाठी रिस्पेरिडोन असेल तर तोच प्रकार, पण ती गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही, डॉक्टरांशी बोलून बदलायची.

ट्रामाडॉल आणि इतर अफूवर्गीय वेदनाशामकं महिनोन् महिने चालू असतील तर तीही दाबतात. सांधेदुखीवर पुडीतून मिळणारं बिननावाचं चूर्ण घेत असाल तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका धरा. आणि जिममधून पूर्वी काही टोचून घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका. बाहेरून घेतलेलं बंद केल्यावर शरीराचं स्वतःचं उत्पादन परत यायला महिने लागतात. त्या मधल्या काळात केलेला रिपोर्ट नेहमीच रडका येतो.

बेतू | मंगळवार, दुपारी १.४०

अवांतर: आमच्याकडे कालवं खाल्ली की सगळं ठीक होतं असं जुनी मंडळी म्हणतात. त्यात किती तथ्य?

चिठ्ठीवाला | मंगळवार, दुपारी १.५५

कालवांत जस्त भरपूर, हे खरं. शरीरात जस्ताची खरोखर कमतरता असेल तर टेस्टोस्टेरॉन उतरतं, हेही खरं. पण कमतरता नसलेल्या माणसाने जस्त वाढवून आकडा वाढत नाही. कालवं चवीसाठी खा. आणि अश्वगंधा सुरू केली असेल तर डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

अबोली | मंगळवार, दुपारी ३.२०

बायकांनी इथे लिहिलं तर चालेल ना? कारण धाग्यात एक शब्द अजून आलेला नाही: मूल.

मूल हवं असलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देणं म्हणजे गर्भनिरोधक देणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचण्यांत ते गर्भनिरोधक म्हणूनच तपासलं गेलंय. बाहेरून हार्मोन आला की एलएच-एफएसएच बंद पडतात. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावं लागतं, ते कोसळतं आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. रक्तातला आकडा मात्र झकास! बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण सहा महिन्यांत साधारण दोन तृतीयांश लोकांचे, वर्षात ९० टक्क्यांचे, उरलेल्यांना दोन वर्षंही लागतात. बायको ३६ ची असेल तर ही दोन वर्षं कुणाच्या खात्यातून जातात?

वंध्यत्वाची तपासणी चालू असताना 'शक्ती कमी आहे' म्हणून कुणीतरी हेच इंजेक्शन लिहून देतो. ही आपल्याकडची सर्वांत महागडी चूक आहे.

कुळागर | मंगळवार, दुपारी ४.००

@अबोली, हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं. मूल हवं असेल आणि बिघाड वरचा (पिट्युटरीचा) असेल तर एचसीजी: १५०० ते २००० युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा. ते एलएचचं काम करतं. तीन ते सहा महिन्यांत शुक्राणू आले नाहीत तर एफएसएच जोडतात. पिट्युटरी शाबूत पण सुस्त असेल, जसं लठ्ठपणात, तर काही डॉक्टर क्लोमिफिन २५ मिलिग्रॅम देतात. पुरुषांसाठी त्याला अधिकृत मान्यता नाही, आणि डोळ्यांपुढे चमकलं किंवा धूसर दिसलं तर लगेच बंद. वृषणच निकामी असेल तर दोन्हींचा उपयोग नाही.

चिठ्ठीवाला | मंगळवार, दुपारी ४.२०

एचसीजीचं एक गोव्यातलं दुखणं: पावडर पाण्यात मिसळली की कुपी फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. जून-जुलैत रात्रभर वीज जाते तेव्हा फ्रिज उघडायचा नाही. थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या कपड्यात गुंडाळून तयार ठेवा, कुपी थेट बर्फाला लागता कामा नये, गोठली की फुकट. टेस्टोस्टेरॉनच्या तेलकट इंजेक्शनाला मात्र फ्रिज नकोच. थंडीने त्यात खडे धरतात. धरलेच तर कोमट पाण्यात अँप्युल धरा, विरघळतात.

झुआरी | मंगळवार, रात्री ८.४५

आता समजा निदान पक्कं झालं: दोन सकाळी कमी, लक्षणं स्पष्ट, मूल नको, प्रोस्टेट-छातीचा कर्करोग नाही. मग कुठला प्रकार? आपल्या हवेत जेल टिकतं का?

पारिजात | मंगळवार, रात्री ९.३०

देण्याच्या बाजूने सांगते.

एनान्थेट (टेस्टोस्टेरॉनचं एक तेलकट इंजेक्शन) २५० मिलिग्रॅमच्या अँप्युलमध्ये येतं. शिफारस आहे आठवड्याला ७५-१०० किंवा दोन आठवड्यांनी १५०-२०० मिलिग्रॅम. पण अँप्युल एकदा फोडला की उरलेलं ठेवता येत नाही. म्हणून सोयीसाठी पूर्ण २५० तीन आठवड्यांनी एकदा टोचलं जातं. सरासरी आठवड्याला ८३ पडते, कागदावर झकास. प्रत्यक्षात एनान्थेटचं अर्धायुष्य साधारण साडेचार दिवसांचं. दुसऱ्या दिवशी आकडा हजाराच्या वर, तिसऱ्या आठवड्यात मूळपदावर. माणूस पहिले दहा दिवस वाघ आणि नंतरचे दहा दिवस चिडका. घरचे म्हणतात 'इंजेक्शन बाधतंय', खरं तर अंतर बाधतंय. थोडं टाकून द्यावं लागलं तरी चालेल, पण डोस लहान आणि जवळ जवळ ठेवा.

सस्टेनॉन २५० मध्ये टेस्टोस्टेरॉनचे चार एस्टर (कमी-जास्त वेळ टिकणारी रूपं) आहेत: ३०, ६०, ६० आणि १०० मिलिग्रॅम. ते शेंगदाण्याच्या तेलात असतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर टोचणाऱ्याला आधी सांगा, विचारेलच असं धरू नका.

अनडेकॅनोएट (जास्त दिवस टिकणारं टेस्टोस्टेरॉन) १००० मिलिग्रॅम हे ४ मिलिलिटर एरंडेल तेलात. दुसरा डोस सहा आठवड्यांनी, पुढे दर १२ आठवड्यांना, गरजेप्रमाणे १० ते १४. इथे घाई चालत नाही. १८ नंबरच्या सुईने ओढा, सुई बदला, २१ नंबरची दीड इंची लावा. अँप्युल आधी तळहातात धरून कोमट करा. माणूस कुशीवर, कंबरेच्या बाजूचा स्नायू, खोलवर. दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघा, मग दोन मिनिटं मोजून ढकला. घड्याळ लावा, कारण मनातली दोन मिनिटं ४० सेकंदांत संपतात. भराभर दिलं किंवा तेल शिरेत गेलं तर त्याचे बारीक थेंब फुप्फुसात पोचतात: टोचता टोचताच खोकल्याची उबळ, छाती आवळणं, चक्कर. बहुधा काही मिनिटांत ओसरतं, पण अर्धा तास माणसाला बाकावर बसवून ठेवा. स्कूटरवर लगेच सोडू नका.

तारवटी | मंगळवार, रात्री ९.५०

बोटीवर सहा-सात महिने असणाऱ्यांना मग १२ आठवडेवालंच सोपं ना?

पारिजात | मंगळवार, रात्री १०.०५

सोपं वाटतं, पण हिशेब आधी करा. पहिले दोन डोस आणि चौथ्या डोसाच्या आधीचं रक्त हे किनाऱ्यावरच व्हायला हवं. करार तीन महिन्यांवर असताना सुरू करायचं नाही. पुढचा डोस बोटीवरच्या डॉक्टरकडून घ्यायचा असेल तर औषध, मूळ चिठ्ठी आणि निदानाचं इंग्रजी पत्र सोबत हवं. काही देशांत हे नियंत्रित औषध आहे, बंदराबंदरात नियम बदलतात, तेव्हा कंपनीला आधी कळवा. सामानात सुटे अँप्युल सापडले तर उत्तरं देत बसावं लागेल.

झुआरी | मंगळवार, रात्री १०.१०

आणि जेल?

चिठ्ठीवाला | बुधवार, सकाळी ९.१५

जेल टिकतं, माणूस टिकवत नाही.

एक टक्क्याचं ५ ग्रॅम जेल म्हणजे ५० मिलिग्रॅम. त्यातलं साधारण १० टक्के कातडीतून आत जातं, म्हणजे रोज ५ मिलिग्रॅम. शरीर स्वतः साधारण तेवढंच बनवतं. आकडा सपाट राहतो, हा याचा मोठा गुण.

आपल्याकडची अडचण घामाची. आंघोळ करून लगेच दमट कातडीवर लावलं तर अर्धं बनियनला. पंख्याखाली पूर्ण कोरडे व्हा, मग खांदे, दंड किंवा पोटावर लावा, पाच मिनिटं सुकू द्या, वर सुती शर्ट घाला. पुढचे पाच-सहा तास पाणी नाही, म्हणजे सकाळी पोहायला जाणाऱ्याने पोहून आल्यावर लावायचं. त्यात अल्कोहोल असतं, सुकेपर्यंत गॅसजवळ किंवा समईजवळ जायचं नाही. हात साबणाने धुवा.

आणि उघड्या अंगाने वावरणाऱ्यांनी हे वाचाच. लावलेल्या खांद्यावर नातवाला घेतलं तर हार्मोन नातवाच्या अंगात जातो. लहान मुलांत अवेळी केस, वाढलेलं लिंग, मुलींत वाढलेलं क्लिटॉरिस असे परिणाम नोंदलेले आहेत. सोवळ्यात बसायचं असेल किंवा घरात बाळ असेल तर मांडीची जागा आपल्या उत्पादनाला चालते का ते पत्रकात बघा, नाहीतर इंजेक्शन.

तोंडाने घ्यायची अनडेकॅनोएटची ४० मिलिग्रॅमची कॅप्सूलही मिळते. ती स्निग्धाबरोबर, लसिकेतून शोषली जाते. जेवणात साधारण २० ग्रॅम स्निग्ध हवं. काळ्या चहाबरोबर घेतली तर गेली वाया.

सुशेगाद | बुधवार, सकाळी ९.३०

म्हणजे शागोतीबरोबर घ्यायचं औषध शेवटी सापडलं.

रक्तपरीक्षक | बुधवार, सकाळी ९.५०

जेलवाल्यांसाठी लॅबची एक खाच: ज्या दंडावर जेल लावता त्याच हाताचं रक्त देऊ नका. सुई कातडीवरचं जेल घेऊन आत जाते आणि आकडा आभाळाला. मग डॉक्टर डोस कमी करतो आणि माणूस परत थकतो.

उपचार चालू असताना नमुन्याची वेळ प्रकारागणिक वेगळी. जेल: लावल्यावर २ ते ८ तासांत, निदान आठवडाभर वापरल्यानंतर. एनान्थेट: दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्ये, ३५० ते ६०० मध्ये यायला हवं. अनडेकॅनोएट: पुढच्या डोसाच्या अगदी आधी. चिठ्ठीवर 'शेवटचा डोस कधी' हे लिहिलं नाही तर तो आकडा नुसता छापील कागद.

कुळागर | बुधवार, दुपारी १२.३०

टेस्टोस्टेरॉनपेक्षा हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या लाल पेशींच्या टक्क्यावर) जास्त लक्ष ठेवा. सुरू करताना ४८ च्या वर असेल तर आधी कारण शोधा: धूम्रपान, घोरणं, झोपेत श्वास अडकणं. सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. ५४ च्या वर गेला की थांबवायचं, खाली आल्यावर कमी डोसाने. कमी दिवस टिकणाऱ्या मोठ्या इंजेक्शनांत हा त्रास जेलपेक्षा जास्त होतो. मे महिन्यात उन्हातून घामाघूम येऊन दिलेल्या नमुन्यात रक्त दाट दिसतं. ५४.५ आलं तर पाणी पिऊन, दुसऱ्या दिवशी एकदा परत.

पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी): चाळिशीपुढच्यांत आधी बघायचं, ४ च्या वर असेल (धोका जास्त असेल तर ३) तर आधी यूरॉलॉजिस्ट. उपचारात वर्षभरात १.४ ने वाढलं तरी यूरॉलॉजिस्ट.

दूधसागर | बुधवार, दुपारी १.००

आणि हृदयविकार? मोठी भीती त्याचीच असते.

कुळागर | बुधवार, दुपारी १.२५

२०२३ मध्ये ट्रॅव्हर्स ही चाचणी आली. ४५ ते ८० वयाचे, हृदयविकार असलेले किंवा धोका जास्त असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष, जेल विरुद्ध खोटं जेल. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदयमृत्यू मिळून ७.० विरुद्ध ७.३ टक्के, म्हणजे फरक नाही. पण हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसात गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक इजा हे जेलवाल्यांत जास्त. आणि हाडं मोडण्याचं प्रमाणही, घटेल असं वाटत असताना, वाढलेलं दिसलं. म्हणून 'हाडांसाठी घ्या' हे आता छातीठोकपणे सांगता येत नाही. गेल्या सहा महिन्यांत झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर सुरू करत नाहीत.

मिरामार | बुधवार, दुपारी २.१०

एक उपप्रश्न. पणजीत आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल, धावणं) ही शर्यत होते, त्यात हौशी मंडळी भाग घेतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं चालतं का?

दूधसागर | बुधवार, दुपारी २.३०

चिठ्ठी पुरत नाही. टेस्टोस्टेरॉन वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत कायम बंदी असलेलं आहे, स्पर्धेबाहेरही. वैद्यकीय सवलत आधी मिळवावी लागते, आणि ती वृषण किंवा पिट्युटरीच्या ठोस आजारालाच मिळते. वय किंवा वजन यामुळे उतरलेल्या आकड्याला नाही.

झुआरी | बुधवार, संध्याकाळी ६.४०

सगळं वाचलं. पण मूळ प्रश्न राहिलाच की. तो ९४ किलोचा, २८० वाला. त्याने उद्या सकाळी नेमकं काय करायचं?

रक्तपरीक्षक | बुधवार, रात्री ८.१५

उद्या नको, या आठवड्यात नीट झोपून सकाळी ८ ला उपाशीपोटी यावं. टोटल, एसएचबीजी, अल्ब्युमिन, एलएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच, हिमोग्राम, एचबीए१सी. आठ-दहा दिवसांनी टोटल पुन्हा. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पिशवी न्यायची, बांबोळीला (सरकारी मेडिकल कॉलेजात) गेलात तरी. लक्षणांची चौकशी नेमकी व्हावी: युरोपातल्या २०१० च्या मोठ्या पाहणीत टेस्टोस्टेरॉनशी खरा संबंध दिसला तो तीन लैंगिक लक्षणांचा. सकाळचा ताठरपणा कमी, इच्छा कमी, संबंधांच्या वेळी ताठरता न टिकणं. ही तिन्ही आणि कमी आकडा असे पुरुष चाळीस ते एकोणऐंशी वयात जेमतेम २ टक्के निघाले. नुसता थकवा हा लोहाचा, झोपेचा किंवा मनाचाही असतो.

कुळागर | बुधवार, रात्री ८.४०

आणि त्याचं मोकळं २८३ आलं, एलएच ४ आलं, प्रोलॅक्टिन नीट आलं, तर त्याला हार्मोन नकोय, वजन उतरवायचंय. सुमारे १० टक्के वजन घटलं की टोटल सरासरी ८०-८५ नॅनोग्रॅम वर येतं. ९४ चे ८५ झाले की २८० चे ३६० च्या घरात. घोरत असेल तर झोपेची तपासणी आधी. तरीही इच्छा आणि ताठरता दोन्ही जाग्यावर नसतील आणि मोकळं खरोखर कमी असेल, तर सहा महिन्यांची मुदत घालून उपचार. इच्छा साधारण तीन ते सहा आठवड्यांत बदलते, ताठरतेला सहा महिनेही लागतात. तेवढ्यात फरक पडला नाही तर थांबवायचं, डोस वाढवत बसायचं नाही.

अबोली | बुधवार, रात्री ८.५५

आणि सुरू करण्याआधी वीर्यतपासणी. वय ४२ आहे, 'आता मूल नको' हे त्याने एकट्याने ठरवलंय का तेवढं विचारा.

झुआरी | बुधवार, रात्री ९.०५

देव बरें करूं सगळ्यांना. अजून एकच, तिसरा डोस चवथीच्या दिवशी येत असेल तर?

पारिजात | बुधवार, रात्री ९.२०

अनडेकॅनोएट असेल तर चवथ होऊन पुढच्या आठवड्यात घ्या, १० ते १४ ची सूट त्यासाठीच आहे. फक्त रक्त त्या डोसाच्या आधी द्यायचं आणि तेही नेवऱ्या खाऊन नाही.